ओनोफ्रेचा रकाना

"हिस्पॅनिक, बरोबर?" असं विचारून फॉर्म भरणाऱ्या डोहर्टीने उत्तराची वाट न बघता खूण करूनही टाकली.

"नाही," इव्होनेट म्हणाली. "तो ब्राझीलचा होता."

अमेरिकेतल्या न्यूअर्कमधल्या त्या अंत्यविधीच्या कार्यालयात ती सकाळपासून ताटकळत बसली होती. नवऱ्याच्या मृत्युदाखल्यासाठी माहिती द्यायची होती. तिच्या गावाकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी त्याला माती देतात. इथे आज पाचवा दिवस, आणि ओनोफ्रे अजून बर्फात. तिचं रडून झालं होतं, उरला होता नुसता थकवा.

डोहर्टीने नियमांची वही चाळली. "खरंच की! मूळ स्पॅनिश असेल तरच धरतात. ब्राझील पोर्तुगीज, ते नाही."

तिच्यासोबत आलेला नॉल्बेर्तो उसळला. एल साल्वादोरचा, स्पॅनिश बोलणारा हा गडी बावीस वर्षं ओनोफ्रेच्या जोडीने फरश्या बसवत आला होता.

"अरे वा! मुकादम आम्हा सगळ्यांना एकाच शिवीत गुंडाळायचा, तेव्हा नाही कुणी याला वगळलं! वहिनी, हो म्हणून टाका. आमच्यातलाच होता तो."

"हे त्याच्यासमोर म्हणाला असतास तर अंगावर धावून आला असता. आपण ब्राझीलचे, ब्राझीलचे, हे सांगून सांगून दमला बिचारा."

"मलाच जास्त सांगायचा," नॉल्बेर्तो हसला, आणि मग खाली बघत बसला.

डोहर्टीने खूण काढली. "बरं. आता वंश. गोरा लिहू की काळा?"

इव्होनेटने पिशवीतून ओनोफ्रेचा जन्मदाखला काढला. "पार्दो. हे बघा, लिहिलंय. गव्हाळ म्हणा, गोऱ्या-काळ्याच्या मधला."

"हा रकाना आमच्याकडे नाही, बाई."

"दोन्हींवर खूण करा की," नॉल्बेर्तो म्हणाला.

"कुठली दोन्ही? त्याचे आईबाप पार्दो, आजा पार्दो. आमचं निम्मं गाव पार्दो."

"'इतर'मध्ये लिहून पाठवतो," डोहर्टी समजुतीने म्हणाला. "पण असा शब्द दिसला की नोंद शंका काढून परत येते. आज शुक्रवार. मग दफनाची परवानगी सोमवारीच मिळेल."

"आणि उद्याच द्यायची असेल माती?"

"मग 'माहीत नाही' असं टाकतो. ते अडत नाही."

इव्होनेटला राग आला. सदतीस वर्षं ज्याच्या पाठीला तेल चोळलं, त्याचा रंग तिला माहीत नाही? पण भांडायला अंगात बळ लागतं, आणि भांडण जिंकलं तरी ओनोफ्रे आणखी तीन दिवस बर्फात राहणार होता.

"टाका," ती म्हणाली.

डोहर्टीने कागद छापून पुढे सरकवला. "इथे सही. माहिती देणाऱ्याची."

नात्याच्या रकान्यात 'पत्नी' असं छापलेलं होतं. तिने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि शेवटच्या ओळीवर आपलं पूर्ण नाव, त्याच्या आडनावासकट, सावकाश लिहिलं.