कार्डावरचं कुंकू

हिंदुरावांच्या पेसमेकरचं कार्ड सांगलीच्या हॉस्पिटलात टेबलावर आलं, तेव्हा संयोगिताताईंना ती आधी लग्नपत्रिकाच वाटली. कंपनी, नंबर, तारीख, सगळ्यावर हळदीकुंकवाचा पोपडा. किरणोपचाराचं गणित मांडायचं काम ताईंकडं.

"आबा, यातलं वाचायचं काय?"

"वाचायचं न्हाई. नमस्कार करायचा."

गाठ डाव्या फुप्फुसात, पेसमेकर तिच्या जरा वर. "किरणांनी तो बिघडू शकतो," ताई म्हणाल्या. "कंपनी कळली की तिचा माणूस येऊन तपासेल, मग त्याला वाचवून आखणी करू. तोवर किरणं नाहीत."

पेसमेकर बसवला तो साताऱ्याचा दवाखाना कधीच बंद पडलेला. थोरल्या मुलानं, तानाजीनं, कार्ड पुसायला ओला रुमाल काढला. हिंदुरावांनी कार्ड उचलून मुठीत धरलं. सरहद्दीवर तीन हिवाळे काढलेला फौजी, पण एवढं पुसवेना.

विट्याच्या घरी खंडेनवमीला चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला कुंकू लागायचं. कोयता, मोटर, ट्रॅक्टर. पेसमेकर बसला त्या वर्षी पारूबाई ताट घेऊन थेट नवऱ्यापुढं उभी.

"सदरा काढा."

"मी काय ट्रॅक्टर हाय व्हय?"

"ट्रॅक्टर बरा. एका हाकंत सुरू तरी हुतोय."

शेवटी तडजोड म्हणून कार्डाची पूजा ठरली. पाच वर्षं, पाच बोटं, एकावर एक. सहाव्या वर्षी ताट होतं, पारूबाई नव्हती.

"सगळं नका पुसू आबा," ताई हळूच म्हणाल्या. "वरची एक ओळ. बाकीचं तुमच्या छातीतलं मशीनच सांगेल."

हिंदुरावांनी नखानं एक ओळ खरवडली. कंपनी निघाली. खालचं बोट जागच्या जागी राहिलं.

कंपनीचा माणूस तपासून गेला, आखणी झाली. पहिली किरणं नेमकी खंडेनवमीला आली. आत गेले तर त्या अवाढव्य यंत्राला झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. शेजारी स्टुलावर ताट.

हिंदुरावांनी यंत्र वरखाली न्याहाळलं. "ताई, ह्याच्या कंपनीचं नाव तेवढं दिसतंय न्हवं?"

ताई खोकल्या. हृदयाच्या मॉनिटरच्या तारा सोडवत म्हणाल्या, "सदरा काढा, आबा."

हिंदुरावांनी स्टुलावरचं ताट जवळ ओढलं. मग सदरा काढला, कुंकवात बोट बुडवलं आणि पेसमेकरच्या उंचवट्यावर टेकवलं.

"करा सुरू," टेबलावर आडवं होत ते म्हणाले. "एका हाकंत."