दहाची तार

केबलच्या तारेतला उजेड मोजायचा मीटर हातात घेतला की विरूपाक्ष आईकडं पाठ करून आकडा वाचायचा, आणि हे वागणं जगदेवीला मुळीच खपत नव्हतं. शाळा दुसरीत सुटली असली तरी आकडे तिला कळत होते. नवरा अमृतराव असताना अर्ध्या औसा गावाच्या गच्च्यांवरून तिनं त्याच्याबरोबर केबल ओढली होती.

“किती?”

“बरोबर हाय, अव्वा.”

“बरोबर म्हंजे काय आकडा हाय का?”

तिनं मीटर हिसकावला. उणे अठ्ठावीस. दिवाळीला उणे सतरा होता. उणे आकडा वाढला की उजेड घटतो, आणि सत्तावीसच्या पुढं गेलं की चित्र फुटतं. नांदेडला दिलेल्या लेकीचा, दानम्माचा चेहरा महिनाभर व्हिडिओ कॉलवर चौकटी-चौकटी होत होता, आणि हा पोरगा रोज सांगायचा, खराबी नांदेडकडची हाय.

गुडघ्यावर हात देत ती गच्चीवर चढली. विरूपाक्ष हत्यारांची पिशवी घेऊन मागोमाग आला, पण तारा जोडायच्या डब्याजवळ गेला नाही. झाकण तिनंच उघडलं. आत बोटभर लांबीची नवी कोरी नळी होती. एक तार आत, दोन बाहेर. आलेला उजेड दोन वाट्यांत तोडणारा कपलर. एका तारेवर दहा लिहिलेलं, दुसरीवर नव्वद.

दहाची तार खाली तिच्या घरात उतरली होती. नव्वदची कठड्यावरून, गल्ली ओलांडून, भीमाशंकरच्या गच्चीवर.

भीमाशंकर दिराचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्यानं हिच्या तारा कापून गिऱ्हाइकं पळवली, तेव्हा त्याचं तोंड बघणार नाही म्हणून विरूपाक्षनं गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून शपथ घेतली होती.

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.” विरूपाक्ष कठड्याचा गिलावा नखानं उकरत राहिला. “धंदा आता दोघांचा एकच हाय. मागची सगळी गल्ली त्या तारेवर चालून राहिली. तुला इचारलं असतं तर तू हाव म्हणली असतीस का?”

“न्हाई.”

“मग? तुला एकटीला असं किती लागतंय, अव्वा? दहात भागतंय की.”

जगदेवीनं पदर खोचला. पिशवीतली कटर उचलली. तसा विरूपाक्ष दोन्ही हात पसरून नव्वदच्या तारेपुढं आडवा झाला.

ती क्षणभर त्या पसरलेल्या हातांकडं बघत राहिली. मग दहाची तार बोटावर घेतली आणि कापली.

त्याचे हात खाली आले. जीव भांड्यात पडलेला तोंडावर दिसत होता.

“संध्याकाळी जोडून देतो,” तो म्हणाला.

“हात लावू नको. माझे दहा तुटले म्हणून त्याच्या नव्वदाचे शंभर होत न्हाईत, येवढं तुझ्या बापानं शिकवलंय मला. ते दहा हितंच सांडतील, कुणाला दिसायचे बी न्हाईत. सांडू दे. मी कटर उचलली तवा तू कोणच्या तारेपुढं उभा राहिलास, ते बघितलं मी. तू तिकडचा हायस, विरूपाक्ष.”