मेथीचं मडकं

तुळसाबाईनं मेथीकडे नेलेला हात अर्ध्यातच थांबवला. ओटीपोटात कळ आली होती, आणि ती कळ कसली हे सांगायला कुण्या सुइणीची गरज नव्हती.

अंगणात लिंबाच्या विरळ सावलीला, जुन्या धोतरावर, मळ्यातली मेथी वाळत पडली होती. शेजारी सुपात पुदिना आणि कोथिंबीर. आज हा सगळा पाला मडक्यांत भरून तोंडं बांधायची होती. सासू मनकर्णाबाई मडकी पुसत होती. ओसरीवर सासरे पुंजाजी केनवडच्या नानाजींना पान लावून देत होते.

नानाजी कशाला आले, हे रिठदमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांची मुलगी उपवर होती, आणि तुळसाबाईच्या लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. तिच्या नवऱ्याला, जानरावाला, दुसरी करून द्यायची, असं पुंजाजींनी ठरवून टाकलं. जानराव बापापुढं तोंड उघडेना. बैल विकायचा असता तर निदान चार शब्द बोलला असता. आडवी आली ती मनकर्णाबाई. ती स्वतः या घरात दुसरी म्हणून आली होती, आणि थोरलीचं उरलेलं आयुष्य गोठ्यात गेलेलं तिनं पाहिलं होतं. या महिन्यात सून बाहेर बसली नाही, जरा दम धरा, असं तिनं नवऱ्याला ऐकवलं. तरी पुंजाजींनी नानाजींना बोलावलंच.

मग तिनं मुद्दाम हे काम आज काढलं. मनकर्णाबाई विटाळ किती कडक पाळते, हे अख्ख्या गावाला माहीत. बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली तरी वाळवणाला कीड लागते, यावर तिचा देवाइतका विश्वास. मागं शेजारच्या रुपाबाईचा पदर त्या दिवसांत चुकून लागला, तर हिनं पाटीभर मेथी उकिरड्यावर फेकली होती. अशा बाईच्या मेथीला सून हात लावते म्हणजे काय समजायचं, ते नानाजींनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच तिचा बेत.

आणि ती मेली पाळी आज, या घटकेला आली.

हात लावला तर सासूच्या धर्माला बट्टा. नाही लावला तर ओसरीवरून दिसणार, अन् महिनाभरात सवत दारात. तुळसाबाईनं हात मागं घेतला. मग स्वतःही मागं सरकली, सावली धोतरावरून निघेपर्यंत.

नानाजींचं पान चघळणं थांबलं.

"काहून थांबली थे?" पुंजाजींनी बायकोला विचारलं.

मनकर्णाबाईनं आधी ती सरकलेली सावली पाहिली, मग सुनेचा चेहरा. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती उठली आणि मडकं घेऊन सुनेपुढं येऊन बसली.

"भर," ती म्हणाली.

"आत्याबाई, मी..."

"मले समजलं," ती ओठातल्या ओठात बोलली. मग ओसरीवर ऐकू जाईल असं म्हणाली, "दमानं भर, बाई. दिवस गेलेल्या बाईनं जास्त वाकू नाई."

तुळसाबाईनं मेथीत हात घातला. पाला कुरकुरला. रडू आलं ते तिनं खाली मान घालून गिळलं.

नानाजींनी ते पाहिलं. मग काठी शोधली, ऊन उतरायच्या आत केनवड गाठायचं आहे म्हणाले, आणि निघाले. पुंजाजी त्यांना पोचवायला गेले.

"आत्याबाई, पुढं कसं?"

"पुढचं पुढं पाहू. तू बाहेर बसू नोको. लुगडं न्हाणीत ठेव, मी धुतो."

संध्याकाळी वरणात त्याच मडक्यातली मेथी पडली. पुंजाजी पोचवून येताना हिरमुसले होते, पण वरण दोनदा मागून घेतलं.

पुरुषांची जेवणं उरकल्यावर मनकर्णाबाईनं एकच ताट वाढलं आणि सुनेला समोर बसवलं. पहिला घास तिनं बराच वेळ हातात धरून ठेवला. मग डोळे मिटून तिनं तो तोंडात घातला, आणि ताट सुनेकडे सरकवलं.