श्रींच्या नावावरचे चारशे बारा प्रोग्रॅम

जालन्यात मस्तगडला हीरालाल शेठजींचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर 'कणगी' आहे. नावामुळे अधूनमधून एखादा शेतकरी ज्वारीचा भाव विचारत जिना चढतो, चार माणसं चार स्क्रीनकडे टक लावून बसलेली बघतो आणि आल्या पावली उतरतो.

कणगीत प्रोग्रॅम साठवतात. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपलं लिखाण इथं ठेवतात. काल त्यात काय होतं, आज काय बदललं, कुणी बदललं, कशासाठी बदललं, ही सगळी नोंद सोबत राहते. जगात अशी मोठमोठी ठिकाणं आहेत. पण बारा वर्षांपूर्वी शेठजींचा नातू श्रेयांस पुण्याहून इंजिनियर होऊन परत आला, तेव्हा इथल्या पॉलिटेक्निकमधलं इंटरनेट असं होतं की प्रोग्रॅम परदेशी पाठवण्यापेक्षा पेन ड्राइव्ह खिशात घालून बसनं मस्तगडला येणं लवकर व्हायचं. त्या सोयीवर कणगी उभी राहिली आणि पुढे इंटरनेट सुधारल्यावरही सवयीनं चालत राहिली.

कोणता प्रोग्रॅम कुणाचा, याचं एक मोठं रजिस्टर असतं. त्याला डेटाबेस म्हणतात. उद्घाटनाच्या दिवशी शेठजी जिना चढून वर आले आणि त्यांनी विचारलं की पहिली ओळ कुणाची आहे. श्रेयांसनं सांगितलं, माझी. शेठजी खुर्चीवर बसले. त्यांच्या घरात नव्या वहीवर 'श्री' लिहिल्याशिवाय शाईचा थेंब पडलेला नव्हता. श्रेयांसनं निमूटपणे स्वतःला दोन नंबरवर सरकवलं आणि एक नंबरला सभासद घातला: श्री. ईमेल नाही, पासवर्ड नाही. असा सभासद सगळ्यात चांगला. बारा वर्षांत त्याची एकही तक्रार आली नाही.

पुढे लोक खाती बंद करायला लागले. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणी प्रोग्रॅमिंगच सोडून गॅरेज टाकलं. त्यांच्या प्रोग्रॅमांचं काय करायचं? टाकून देणं या घराण्यात बसत नाही. ज्याला वाली नाही ते देवाच्या नावावर, असं ठरलं. खातं बंद झालं की प्रोग्रॅम आपोआप सभासद क्रमांक एककडे जायचा. असे चारशे बारा जमले. अकरा प्रोग्रॅमिंग भाषा अवगत असलेला हा जालन्यातला सर्वात मोठा प्रोग्रॅमर ठरला. एका इंजिनियरिंग कॉलेजनं तर त्याला गुणवंत म्हणून सत्काराला बोलावलं होतं. आयोजकांना वस्तुस्थिती कळवली, तरी त्यांनी शाल पाठवून दिली.

यंदा कणगी दमली. सगळं रजिस्टर एकाच फायलीत होतं, आणि एकजण लिहीत असला की बाकीच्यांनी थांबायचं. परीक्षेच्या हंगामात सहाशे पोरं एकदम लिहायला यायची. मग घनसावंगीच्या जीपमध्ये दाराला लटकतात तशी ती लटकून राहायची. मोठ्या, नव्या डेटाबेसमध्ये सामान हलवायचं ठरलं. याला मायग्रेशन म्हणतात. स्थलांतर म्हणत नाहीत. तो शब्द आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे.

हे काम दैवशालाकडे होतं. ती आष्टीची, कणगीतली सर्वात जुनी नोकरदार. रजिस्टरची मांडणी बदलणारी त्रेसष्ट मायग्रेशन्स बारा वर्षांत झाली होती, त्यातली एकेचाळीस तिची. प्रत्येकाला नंबर. एकदा चालवलेल्याला परत हात लावायचा नाही, चुकलं असेल तर पुढचं लिहून सुधारायचं, असा नियम. शासनानंही हा नियम घेतला आहे, पण अर्धाच: पुढचं लिहितात.

चौसष्टावं तिनं आधी नकलेवर चालवून बघितलं. तीन हजार एकशे अठरा प्रोग्रॅम आत गेले, दोन हजार सातशे सहा बाहेर आले. नव्या डेटाबेसची अट होती की प्रत्येक सभासदाला ईमेल पाहिजे. नसेल तो वगळला जाईल आणि त्याच्या नावावरचं सगळं त्याच्याबरोबर जाईल. श्रींना ईमेल नव्हता.

तिनं सुचवलं की दुकानाचा ईमेल टाकून देऊ. श्रेयांस बिथरला. रजिस्टरमध्ये खोटी नोंद आपण कधी केली नाही आणि करणार नाही, असं त्यानं ठामपणे सांगितलं. चारशे बारा खऱ्या नोंदी गेल्या तर मात्र त्याची हरकत नव्हती. बारा वर्षांत त्यांची चौकशी करायला कुणी आलं का, असा त्याचा सवाल होता. शेवटी दैवशालानं एवढं पदरात पाडून घेतलं की दहा दिवसांची नोटीस द्यायची. ज्याचं असेल त्यानं येऊन सांगावं. रविवारी सामान हलणार. नोटीस पॉलिटेक्निकांच्या जुन्या ग्रुपांवर फिरली. पहिल्या सहा दिवसांत तिला चोवीस अंगठे आणि एक गुड मॉर्निंग आलं.

गुरुवारी अंगद आला. घनसावंगीकडचा, पंचविशीतला, घरी सात एकर ऊस. पॉलिटेक्निकला असताना त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता: कोणत्या फडाची तोड आधी, कोणत्याची नंतर, आणि गाडी कोणत्या रस्त्यानं कारखान्यावर न्यायची. दोन वर्षं लिहीत होता. मग गणितात नापास झाला आणि रागाच्या भरात कणगीतलं खातं बंद करून टाकलं. आता एका साखर कारखान्याला नेमकं असं काही हवं होतं आणि त्यांनी त्याला नोकरीसाठी सोमवारी बोलावलं होतं. नुसता प्रोग्रॅम चालणार नव्हता. सगळा इतिहास दाखवा, म्हणाले, स्वतः लिहिला का कुठून उचलला ते आम्हाला कळलं पाहिजे.

दैवशालानं प्रोग्रॅम शोधून काढला. मालक: श्री.

"ते बराबर हाय," अंगद म्हणाला, "पण आत माझं नाव असंल ना. दर बदलाला लिहिणाऱ्याचं नाव पडतंय."

पडलेलं होतं. तीनशे सात बदल, आणि प्रत्येकासमोर लिहिणारा: लॅब-१४. पॉलिटेक्निकच्या मशीनवर कुणीतरी पहिल्या दिवशी तेच नाव भरलं होतं आणि नंतर स्वतःचं नाव घालायचं असतं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या पाच तुकड्यांनी जे काही लिहिलं, ते सगळं वीस यंत्रांच्या नावावर होतं.

"मंग मी कुठं हाय ह्याच्यात?" अंगदनं विचारलं.

श्रेयांसनं खांदे उडवले. कुणीही येऊन माझं आहे म्हणेल, नोंद नाही तर आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं पडलं. दैवशाला आष्टीची होती. तिथं पंचनाम्याशिवाय पडलेली भिंतसुद्धा पडली असं मानत नाहीत. तिनं म्हटलं, दोन पंच आण. तू लिहिताना ज्यांनी बघितलं असे दोघं. त्यांचं म्हणणं मी दाव्यासोबत रजिस्टरमध्ये घालते, त्यांच्या नावानिशी. उद्या ते खोटं निघालं तर कुणाला विचारायचं हे तरी कळेल. श्रेयांसला यात खोटी नोंद कुठं सापडेना, म्हणून त्यानं मान्य केलं.

शुक्रवारी दोघं आले. पहिले साहेबराव, लॅब असिस्टंट, आता निवृत्त. ते म्हणाले की हाच बसायचा चौदा नंबरला, जोडीला एक मुलगी असायची, पाच वाजले तरी हा उठायचा नाही, पंखा बंद केला की मग उठायचा. त्यांनी सही केली आणि लॅबची जुनी यंत्रं भंगारात किती किलो भरली तेही सांगितलं.

दुसरी बेबीनंदा. अंगदच्याच वर्गातली. एका यंत्रावर दोन विद्यार्थी असायचे, त्यातली ही दुसरी. आता घनसावंगीत कॉम्प्युटर क्लासला शिकवते. ती स्क्रीनसमोर बसली आणि वीस मिनिटं वाचत राहिली. अंगद तोपर्यंत दोन चहा प्यायला.

"तोडीचा क्रम ह्याचाच हाय," ती म्हणाली. "तिथं करते मी सही. पण रस्ते माझे हायेत. आपल्याच सामानाचा पंच कसं व्हायचं?"

"बेबी, तूच म्हणली व्हती, मला नको, तू घे."

"तवा वाटलं व्हतं कुणी बघणार न्हाई."

श्रेयांसनं बसल्या जागेवरून माहिती पुरवली की रजिस्टरमध्ये मालकाचा रकाना एकच आहे, तेव्हा आपसात ठरवून कुणीतरी एकानं नाव द्यावं. अंगद दैवशालाला घेऊन गॅलरीत आला.

"ताई, कारखान्यात जागा एकच हाय. दोन नावं दिसली तर ते म्हणतील, ह्यानं अर्धंच केलंय."

"म्हणतील कदाचित. मला फक्त सांग, रस्ते कुणी केले?"

खाली दुकानासमोर हमाल पोती उतरवत होते. सात पोती उतरेपर्यंत अंगद ते बघत राहिला.

"तिनंच. भावाची स्कूटी आणायची. सगळ्या पाणंदी फिरून मोजल्या तिनं. मी मागं बसून आकडे लिहून घेऊन राह्यलो व्हतो."

"मग तसंच लिहायचं का?"

"लिहा," तो म्हणाला. आवाजात फार आनंद नव्हता. "दोघांचं लिहा."

आत जाऊन दैवशालानं जाहीर केलं की मालकाचा रकाना निघतोय. त्याच्या जागी वेगळा तक्ता येईल: प्रोग्रॅम कोणता, माणूस कोण, त्यानं काय केलं. एका प्रोग्रॅमला दोन माणसं असू दे, नाहीतर सात. सगळं सामान उचललेलंच आहे, तर खोलीची भिंत आत्ताच काढू. श्रेयांस म्हणाला, दोन दिवसांत? ती म्हणाली, दीड.

श्रींचा विषय निघालाय असं कळल्यावर शेठजी वर आले. श्रेयांसनं त्यांना हळूच विचारलं की जे कुणाचंच नाही ते आता श्रींच्या नावावरून काढलं तर चालेल का. शेठजींनी उलट विचारलं.

"देवळाबाहेर कुणी चप्पल विसरून गेला, तर ती देवाची झाली का? सांभाळायची आणि आला की द्यायची."

तसं ठरलं. मालकाची जागा रिकामी राहू शकेल, सांभाळणारी कणगी. श्रींचा क्रमांक राहिला, पण सभासद म्हणून त्यांची सुटका झाली. ईमेलची अटही मिटली.

रविवारी सकाळी दहाला कणगी बंद केली आणि चौसष्टावं सुरू झालं. बावीस मिनिटांनी ते थांबलं. जुन्या फायलीला तारखेच्या रकान्यात काहीही चालायचं. नव्या डेटाबेसला तारीखच लागत होती, आणि एका विद्यार्थ्यानं काम पूर्ण करण्याची तारीख म्हणून लिहिलं होतं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. दैवशालानं सगळं होतं तसं मागं घेतलं आणि अशा आणखी किती आहेत ते शोधलं. सतरा निघाल्या. त्यात तीन वेळा दिवाळी, एकदा आजीचं वर्षश्राद्ध. शेठजींनी खालून बारा वर्षांची पंचांगं मागवली, चष्मा लावला आणि एकेक सणाची तारीख सांगायला लागले. श्राद्धाला पंचांगाचा उपयोग नव्हता. दैवशालानं त्या मुलाला फोन लावला. त्यानं तारीख सांगितली, आणि आपण हे लिहिलं होतं हे कुणाला माहीत कसं, म्हणून जरा घाबरला.

पाऊण वाजता परत सुरू केलं. सव्वाला संपलं. आत गेले तीन हजार एकशे अठरा, बाहेर आले तीन हजार एकशे अठरा. दैवशालानं दोनदा मोजलं, मग डबा उघडला. श्रेयांसनं अंगदचं पान उघडून बघितलं. प्रोग्रॅमखाली दोन नावं होती, प्रत्येकासमोर कोणतं काम ते, आणि शेजारी पंच. क्रमाला बेबीनंदा, रस्त्यांना अंगद, दोन्हीला साहेबराव. यात काही चूक काढता येते का हे तो जरा वेळ बघत राहिला, आणि मग त्यानं नोटीस बदलली. शेवटची तारीख काढून टाकली. संध्याकाळपर्यंत आणखी सहाजणांनी दावे टाकले होते. त्यात ते गॅरेजवालेही होते.

सोमवारी अंगद कारखान्यावर गेला. तिथल्या साहेबांनी पडद्यावर इतिहास उघडला आणि बराच वेळ खाली-वर केला. दुसरं नाव कुणाचं, त्यांनी विचारलंच. अंगदनं होतं तसं सांगितलं. साहेबांनी मान हलवली, नकाशात एक गाव काढलं आणि म्हणाले की इथला नवा रस्ता यात नाही. हे रस्ते कोण सांभाळतं?

बाहेर येऊन जीप भरायची वाट बघताना त्यानं फोन लावला.

"बेबी, बुधवारी दोघांला बोलावलंय. जागा एक का दोन, ते कायबी बोलले न्हाईत. पर रस्ता एक कमी हाय म्हणले."

"कोणता? पुलाकडचा?" ती म्हणाली. "तो आपण गेल्तो तवा झालाच नव्हता. थांब, क्लास सुटला की बघते."

चार वाजून दहा मिनिटांनी कणगीत त्या प्रोग्रॅमला तीनशे आठवा बदल आला. लिहिणाऱ्याच्या जागी बेबीनंदाचं पूर्ण नाव होतं. कशासाठी बदललं, याच्यापुढे लिहिलं होतं: पुलाचा रस्ता घातला, स्वतः जाऊन मोजला, बैलगाडी जाते, ट्रक उद्या बघते.