सात कड्या कमी

"साहेब, ही साखळी तोकडी हाय. सात कड्या कमी हायेत तिच्यात. बिल्ल्यावर भरोसा ठेवू नोका."

मित्रांनो, रामाजीनं दिलेला हा इशारा मी त्या दिवशी उडवून लावला. मी म्हणजे जमीन मोजायची एक जुनी लोखंडी साखळी. आता नागपुरातल्या एका कचेरीच्या अडगळीत, फुटक्या खुर्चीखाली पडून आहे. माझी कहाणी सांगताना मान वर होत नाही.

सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मला आणलं, तेव्हा मी शंभर फूट होते. एकेक फुटाच्या शंभर कड्या, दर दहा कड्यांना एक पितळी बिल्ला. पारशिवनीच्या बाजूला नदीकाठी इंग्रजांच्या वेळचा मँगनीज धुण्याचा कारखाना होता. कधीच बंद पडलेला. उरलं होतं ते धुराडं, दोन हौद आणि यंत्राची एक खोली. नदी दर पावसाळ्यात काठ खात होती. हे जुनं बांधकाम वाहून जाण्याआधी त्यावर लक्ष ठेवायचं, म्हणून दर महिन्याला खोलीच्या भिंतीपासून दरडीच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. कचेरीचा मोजणी-शिपाई रामाजी माझी मूठ भिंतीला टेकवायचा आणि मला कडेपर्यंत ताणायचा.

त्या खोलीत चौकीदार देवाजी आणि त्याची बायको इंदूबाई राहत. अंतर वीस फुटांच्या आत आलं की खोली सोडायची, असा कचेरीचा हुकूम होता.

इंदूबाईला मुलगी झाली, लतिका. पाळण्याची दोरी उंदरांनी कुरतडली, तेव्हा रामाजीनं मुठीकडच्या माझ्या सात कड्या काढून पाळणा आढ्याला टांगून दिला आणि मूठ पुन्हा जोडली.

"साहेब रागावतीन ना, रामाजीभाऊ!" इंदूबाई म्हणाली.

"रागावू दे. नदी काय पळून राहिली? अन् हिले खाली निजवशीन तर उंदीर हिचे कान मोजतीन."

मोठ्या साहेबांनी हसून चालवून घेतलं. तेव्हापासून रामाजी मोजताना ओरडायचा, "बिल्ला अडतीस, सात वजा, एकतीस!" वहीत एकतीस लिहिलं जाई. वजाबाकी त्याच्या तोंडात होती, कागदावर कुठंच नव्हती. मोजणी चालू असताना इंदूबाई दोनदा तरी आत जाऊन येई. बाळ नुसतं झोपलेलं असे, तरी नाकाशी बोट धरून बघे. मग हसे. "काहून वं, मले भेव दाखवतं?"

एकाहत्तर साली रामाजी कामावरून निवृत्त झाला. जाताना त्यानं नव्या ओव्हरसिअरला, मधुसूदनला, तो सात कड्यांचा इशारा दिला. मधुसूदन पेनात शाई भरत होता. "हो हो, रामाजी," म्हणाला आणि विसरला.

आणि मी? नव्या साहेबासमोर कुणी मला तोकडी म्हणावं, याची मला लाज वाटली. मित्रांनो, जिथं लाज वाटायची तिथं वाटली नाही, भलतीकडेच वाटली. नाहीतर मी अडू शकले असते. साखळीला गुंता करून घेणं कठीण नसतं. मग त्यानं मला उलगडून कड्या मोजल्या असत्या. पण मी सरळ, ताठ पसरले, आणि तो म्हणाला, "वा, साखळी जुनी पण झकास आहे!" मी खूश झाले.

त्यानं जुलैत सव्वीस लिहिले. खरे होते एकोणीस. ऑगस्टमध्ये बावीस लिहिले. खरे पंधरा.

"साहेब, दरड जवळ आल्यासारखी दिसते. खोली सोडू का?" इंदूबाईनं विचारलं. बाळ कडेवर होतं.

"कशाला, बाई? बावीस आहेत. अजून दोन फूट हातात आहेत."

तिच्या डोळ्यांना बरोबर दिसत होतं, मित्रांनो. तिनं डोळ्यांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.

सप्टेंबरात पूर आला आणि भरदुपारी दरड खचली. मागची भिंत नदीत गेली. इंदूबाई अंगणातून धावत आत शिरली, एका हातानं पाळण्यातून लतिकाला उचललं, तेवढ्यात चौकटीचा दगड दुसऱ्या हातावर आला. उजवा हात कायमचा गेला. बाळाला खरचटलंही नाही, कारण अर्धं छप्पर खाली आलं तरी ती पोहोचेपर्यंत आढं टिकलं, त्या सात कड्यांवरचा पाळणा टिकला.

कचेरीनं वहीत लिहिलं, "पुरामुळे." मला कुणी दोष दिला नाही. रामाजी मात्र येऊन गेला. त्यानं माझ्या कड्या एकेक करून मोजल्या, त्र्याण्णवला थांबला आणि मला खाली ठेवलं. मधुसूदन दाराशी मान खाली घालून उभा होता.

मित्रांनो, मोजायच्या वस्तूला वापरण्याआधी तपासत जा. आणि आकडा "काही होत नाही" म्हणत असताना एखादी आई "मला भीती वाटते" म्हणाली, तर आधी तिचं ऐका.

या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली. इंदूबाई देवाजी आणि लतिकासह पारशिवनीला भावाकडे गेली, एवढंच मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलंच, तर तिच्या घरी जरा डोकावून या. तिला भाकरी थापता येते का, वेणी कोण घालून देतं, एवढं बघा. माझं नाव काढू नका. आणि तिनं पाळणा सोबत नेला असेल, तिथल्या आढ्याला माझ्या सात कड्या टांगलेल्या दिसल्याच, तर त्यांना हात लावून या. शंभरांतल्या तेवढ्याच विश्वासाला जागल्या.