अकरा नंबर बाजूला काढा

शरयूच्या डाव्या कानात गेली दोन वर्षं एक बारीक शिट्टी वाजत होती. अमेरिकन सैन्याच्या रिझर्वमधल्या, म्हणजे राखीव दलातल्या, तिच्या तुकडीने एका वीकेंडला सरावासाठी काँक्रीटचे ठोकळे उडवले, तेव्हापासून. एरवी ती टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका हॉस्पिटलात रक्ताचे नमुने तपासायची. महिन्यातून एक शनिवार-रविवार मात्र सार्जंट व्हायची. कानाच्या उपचारासाठी अर्ज केला तर उत्तर आलं, त्या दिवशी आवाज किती होता याची नोंद नाही, सबब कान सरावातच बिघडला असं म्हणता येत नाही. नोंद नव्हती, कारण कोणी मोजलंच नव्हतं.

"रडत बसू नकोस, ठराव लिही," प्रल्हाद काका म्हणाले होते.

प्रल्हाद काका मूळचे नागपूरचे, लहान मुलांचे डॉक्टर. रिझर्वमध्येही त्यांनी डॉक्टरकीच केली आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. आता राखीव सैनिकांच्या संघटनेत ते राज्याच्या ठराव समितीवर होते. संघटनेची रीत अशी, की कायद्यातला बदल कोणीही सदस्य सुचवू शकतो. तो आधी गावच्या शाखेत मंजूर व्हायचा, मग राज्याच्या अधिवेशनात, मग देशाच्या. तिथून पुढे संघटनेची माणसं तो घेऊन वॉशिंग्टनला खासदारांची दारं ठोठावणार. शरयूने ठराव लिहिला, काकांनी अनुमोदन दिलं, शाखेने टाळ्या वाजवून पास केला.

राज्य अधिवेशनाच्या दोन दिवस आधी सगळ्या ठरावांची प्रत ईमेलने आली. शरयूने आपला ठराव, नंबर अकरा, मूळ मसुद्याशी ओळीनं ओळ ताडून पाहिला. लॅबमधली सवय. सरावात आवाज मोजावा, तो प्रत्येक सैनिकाच्या नावावर नोंदवावा, हे जसंच्या तसं होतं. शेवटची ओळ गायब होती. 'यापूर्वी ज्यांचे कान बिघडले, त्यांनाही हे लागू व्हावे.'

नेमकी तीच ओळ तिच्या स्वतःच्या उपयोगाची होती.

त्यानंतर काकांचे दोन फोन येऊन गेले. तिने उचलले नाहीत. उचलले असते तर काका गोड बोलून पटवतील, अशी तिची खात्री होती.

शनिवारी सकाळी ती ह्यूस्टनला अधिवेशनाच्या हॉटेलात पोचली तेव्हा नाश्त्याची गर्दी होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी काका बसले होते आणि समोर कर्नल व्हिटेकर. हेच व्हिटेकर मागच्या महिन्यात तिच्या ठरावावर म्हणाले होते, जुनी मढी उकरायला लागलात तर वॉशिंग्टन आपल्याला उंबऱ्यावरूनच हाकलेल. काका टेक्सासच्या नकाशाच्या आकाराच्या वॉफलवर सिरप ओतत होते आणि व्हिटेकर मान डोलावत होते. काकांनी तिला हात करून बोलावलं. तिने फोन कानाला लावला आणि नवऱ्याला गाठलं.

"दोघं वॉफल खातायत," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"अरे बापरे. पोलिसांना कळव," शार्दूल म्हणाला.

"जोक करू नकोस. ओळ काढली कोणी? समितीत तेच आहेत."

"यार शरयू, त्यांनी आपल्या लग्नात अंतरपाट धरलाय. एका ओळीसाठी ते तुला विकतील?"

"तेच मला बघायचंय."

"मग जाऊन विचार ना!"

विचारायचं नाही, बघायचं, असं तिने ठरवलेलं होतं. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो.

हॉलमध्ये अध्यक्षबाईंनी नेहमीची पद्धत सांगितली. ज्या ठरावांवर वाद नाही ते सगळे एका मतात पास होतील. कुणाला एखाद्यावर बोलायचं असेल तर तो बाजूला काढायला सांगावं. "तीन ते एकोणीस. काही बाजूला काढायचंय?"

दोन रांगा पुढे बसलेल्या काकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

शरयू उठली. "अकरा नंबर बाजूला काढा."

बाकीचे ठराव एका दमात पास झाले. मग तिने माइकवर जाऊन गाळलेली ओळ पुन्हा घालण्याची सूचना मांडली. व्हिटेकर सावकाश उठले. "सार्जंटबद्दल आदर आहे," ते म्हणाले, "पण आता यात दोन मागण्या झाल्या. आपला नियम आहे, एक ठराव, एक मागणी. हा समितीकडे परत पाठवावा." परत पाठवणं म्हणजे पुढच्या वर्षीचं अधिवेशन. मतं हात वर करून झाली. शरयूने विरोधात हात वर केला. परत पाठवण्याच्या बाजूने वर गेलेल्या हातांत एक काकांचा होता.

ठराव परत गेला. कानातली शिट्टी जरा मोठी झाल्यासारखी वाटली.

जेवणाच्या सुट्टीत तिने काकांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "काका, माझी ओळ तुम्ही काढलीत."

"हो, मीच काढली."

इतकं सरळ उत्तर तिने गृहीत धरलं नव्हतं. "आणि आत्ता माझ्याविरुद्ध हातही वर केलात."

"तोही केला. सतरा नंबर वाचलास?"

"तो नुकसानभरपाईच्या भागात आहे. माझा सरावाच्या भागात."

"म्हणजे नाही वाचलास. लॅबवाली ना गं तू? जे मोजलंच नाही, त्याची नोंद मागून कशी होणार? तुझी ती ओळ ऐकायला छान होती, पण तिचा उपयोग शून्य. सतरा माझा आहे. जिथे नोंद नाही तिथे सोबतच्या सैनिकांची साक्ष धरावी. तो सकाळी पास झाला. व्हिटेकर त्याच्या विरोधात उठणार होता, त्याला थोपवायला म्हणून तर साखर बंद असताना वॉफल खाल्ला मी."

शरयूने तिथेच फोनवर सतरा नंबर उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. काका म्हणाले तसंच होतं. तिच्या कानाचं काम सकाळीच झालं होतं. आणि तिने उठून जे पाडलं, ते तुकडीत नव्याने येणाऱ्या पोरापोरींचं होतं. पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा ठोकळे उडवायचे होते.

"सांगायचं तरी होतंत," ती म्हणाली.

"दोनदा फोन केला. संशय घ्यायचा तर खुशाल घे, पण फोन उचलून घे."

"मग परत पाठवायला हात का वर केलात?"

"फेरविचार कोण मागू शकतं? जिंकलेल्या बाजूने मत दिलंय तोच. तू हरलीस, तुला मागता येणार नाही. मला येईल." काकांनी घड्याळ पाहिलं. "पण तू उठून तुझी ओळ मागे घेतलीस तरच."

ओळ मागे घेतली की तिच्यासाठी उरला फक्त सतरा, आणि सतरा काकांच्या हातात. "राष्ट्रीय अधिवेशनात तो तुम्ही सोडून दिलात तर?"

"तर दिवाळीच्या फराळाला बोलावू नकोस."

तिला हसू आलं नाही. हॉलमध्ये शिरता शिरता तिने फेरविचाराचा नियम शोधून वाचला. काकांनी ते पाहिलं आणि दार तिच्यासाठी धरून ठेवलं.

सुट्टीनंतर अध्यक्षबाईंनी पुढचा विषय पुकारला आणि काका जागेवरच बसून राहिले. चष्मा पुसत होते. पुढचा विषय संपला. मग काका उठले. "अकरा नंबरचा फेरविचार व्हावा."

"कर्नल, तुमचं मत कोणत्या बाजूने होतं?"

"परत पाठवण्याच्या."

व्हिटेकरांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. सकाळच्या वॉफलचा आणि आपल्या बाजूने पडलेल्या मताचा हिशोब त्यांनाही तेव्हाच लागला असावा. फेरविचार थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "सार्जंट, तुमच्या सूचनेचं काय?"

माइकपर्यंत जाताना शरयूने काकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चेहरा वाचायचा मोह झाला असता.

"मी ती ओळ मागे घेते," ती म्हणाली.