आबांच्या गाडीचे ब्रेक

चाकणची रात्रपाळी संपवून सोमवारी सकाळी मी आळ्याला घरी पोचलो, तेव्हा मला जगाकडून काहीच नको होतं. फक्त आडवं व्हायचं होतं. साधनाने, माझ्या बायकोने, आतल्या खोलीत गादीही घालून ठेवली होती. पण ओट्यावर वडील बसले होते आणि त्यांच्या पायाशी दोन खोकी होती. एकात ब्रेकचे नवे पॅड, दुसऱ्यात नव्या डिस्कची जोडी.

"आजच बदल," आबा म्हणाले.

"फाट्यावरच्या गॅरेजला द्या की."

"त्यो गुरवारी ये म्हंतो."

"मग गुरुवारी. काय आग लागलीय?"

"आजच पायजे."

आमच्या आबांचं, सावळेरामांचं, वय चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाच आमचं ठरलं होतं की, गाडी घेऊन आळेफाट्यापर्यंत जायचं, नाहीतर येडगावच्या शेतावर. त्याच्या पुढे चाक न्यायचं नाही. तेव्हा त्यांनी अशी मान हलवली होती की आपण फार मोठी लढाई जिंकली असं मला वाटलं.

"तुमी झोपा," साधना म्हणाली, "मी सांगते त्यांना." तिने सांगितलंही. आबांनी ऐकूनही घेतलं, आणि जाऊन स्वतःच जॅक काढायला लागले. म्हाताऱ्या माणसाला जॅक फिरवताना बघत झोपता येतं का? मी चहा घेतला, शर्ट काढून ठेवला आणि मागच्या चाकांना दगड लावले.

ब्रेकचं काम अवघड नसतं, किचकट असतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग गाडी उचलून चाक काढायचं. आत पॅड धरून ठेवणारा कॅलिपर असतो, त्याचे मागचे दोन बोल्ट काढायचे आणि तो तारेने वर टांगून ठेवायचा, नाहीतर त्याच्या वजनाने ब्रेक ऑइलचा पाइप ताणला जातो. आबा कडेला पाटावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "डावीकडं फिरीव. जोर लाव." जोर मी रात्रभर दुसऱ्याच्या कारखान्यात लावून आलो होतो.

कॅलिपर निघाला आणि पॅड माझ्या हातात आले. त्यांच्यावर मसाला म्हणून राहिलाच नव्हता, लोखंडाला लोखंड घासत होतं. हे पॅड दिवाळीत मीच टाकले होते. फाटा आणि येडगाव एवढ्यावर ते दोन वर्षं सहज जायला हवेत. मग मी डिस्ककडे, पॅड जिला चिमटून चाक थांबवतात त्या तबकडीकडे, बघितलं. तिच्यावर नख अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या आणि कडेने ती निळी झाली होती. डिस्क उगाच निळी होत नाही. लांब उतारावर पाय ब्रेकवरून काढलाच नाही तर ती तापून तापून तशी होते. आळ्यापासून येडगावपर्यंत असा उतार आहेच कुठे?

"आबा, कुठल्या घाटात जाता?"

"कुठला घाट?" ते म्हणाले, आणि पाटावरून उठून विनाकारण पाण्याचा हंडा बघून आले. पाणी कुठे मुरतंय ते मला तेवढ्यानेच कळलं.

मी डिस्क त्यांच्यापुढे धरली. "ही खोटं बोलत नाय. बोला."

त्यांनी निळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तळेघरला जातो. सोनीकडं."

सोनीबाई आत्या तळेघरच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. भात काढून झालं की ती माणसं डोंगरावरून खाली आमच्याकडे कांद्याच्या कामाला यायची. आबांना सख्खी बहीण नाही. कुठल्याशा भाऊबीजेला तिने त्यांना ओवाळलं आणि तेव्हापासून ती आमची आत्या झाली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आत्याने आपलं घर सुनेवर टाकलं आणि आमच्याकडे येऊन राहिली. आईला उचलणं, धुणं, पुसणं, सगळं शेवटपर्यंत तिने केलं. मी तेव्हाही पाळ्याच करत होतो.

"तिच्या किडन्या गेल्यात," आबा म्हणाले. "मंचरला डायलिसिस आसतं, मंगळवारी आन शुक्रवारी. पोरगं भोसरीला हाटेलात, त्याला सुट्टी नाय. यष्टी येळेव घावत नाय, ना जायला ना माघारी यायला. आन सुई काडल्याव चालवतं का कुनाला? वस्ती सडकेपास्नं लई आत हाय."

"म्हणून तुम्ही? या डोळ्यांनी? घाटात?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, साधना बाहेर आली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं आसतं तं जाऊ दिलं आसतं का?"

नसतं दिलं. त्यामुळे मला आणखीच राग आला.

मग गेल्या शुक्रवारचं बाहेर पडलं. आत्याला घेऊन उतरताना चाकातून धूर यायला लागला, ब्रेक दाबला तर पाय थेट खाली गेला. आबांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या चारीत घातली, म्हणून थांबली. लागलं कुणालाच नाही, आणि ब्रेक थंड झाल्यावर आबांनी ती हळूहळू घरी आणली. पण आत्या उतरली आणि माघारी घराकडे चढ चालायला लागली, ती काही परत बसली नाही. शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. काल तिच्या सुनेचा फोन आला होता, पाय सुजलेत, धाप लागतेय. आणि आत्या म्हणते, मी काही येत नाही.

"उद्या मंगळवार," आबा म्हणाले. "उद्याबी नाय गेली तं ऱ्हायची नाय ती, गोरख. नवं ब्रेक टाक आन तू सांग तिला. माझं ऐकत नाय."

मी पुन्हा कामाला लागलो. जुनी डिस्क गंजून बसली होती, ती हातोडी मारून मारून निघाली. नव्या डिस्कवर कारखान्याचं तेल असतं, ते पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढलं. कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत दाबला, पॅड बसवले, बोल्ट आवळले, आणि तेच सगळं पुन्हा दुसऱ्या बाजूला केलं. ऊन डोक्यावर आलं होतं. डोळे मिटत होते आणि पाना हातातून सुटत होता. साधनाने डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि म्हणाली, "बाप तसा लेक. एकालाबी स्वस्थ बसवत नाय."

चाकं लावून झाल्यावर मी आबांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "ब्रेक दाबा."

त्यांनी दाबला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "खाली गेला रं! गोरख, पार खाली गेला!"

"नवे टाकल्यावर पहिल्यांदा जातोच, आबा. दाबत राहा, वर येईल."

ते दाबत राहिले. पेडल कडक झालं तरी दाबत राहिले. मी पुरे म्हणालो तरी त्यांचा पाय थांबेना. त्या शुक्रवारी त्या चारीच्या अलीकडे या माणसाचं काय झालं असेल, ते मला तेव्हा कळलं, आणि माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

मी तिथेच गाडीच्या दाराशी उभं राहून आत्याला फोन लावला. तिला बोलतानाही धाप लागत होती.

"नवं टाकलं का ब्रेक? लई बरं केलं, बाळा. आन चालवनार कोन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माझं काय नाय रं," ती म्हणाली. "मी काय, पिकलं पान. पन त्या दिशी भाऊ गाडीतून उतरलं तं त्यांचं पाय लटलटत व्हतं. माझ्यापायी त्यांचं काय झालं तं तुला कोन्चं तोंड दावू? तुझी आई वरनं काय म्हनंल मला? त्यापरीस मी हितं हाय ती बरी हाय."

आबा माझ्याकडे बघत होते. फोनचा आवाज त्यांना ऐकू जात होता की नाही, माहीत नाही.

"आत्या, उद्या मी चालवणार आहे," मी म्हणालो. "सकाळी तयार राहा."

"तू? आन काम तुझं?"

"रजा टाकलीय."

टाकली नव्हती. पण ती येते म्हणाली. दोनदा म्हणाली.

फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की असं किती दिवस? मंगळवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार. हे थांबणार कधी, त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते मला माहीत असूनही मी विचारत होतो. माझी मलाच लाज वाटली. लाज वाटली म्हणून थकवा काही कमी झाला नाही.

आबा अजून गाडीतच बसले होते. "उद्याचं झालं," ते म्हणाले. "आन शुक्रवारी?"

"बघू."

"बघू म्हनलं की ती याची नाय."

मी फडक्याने हात पुसत राहिलो. काळं निघत नव्हतं. "सायबाला सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतो," मी म्हणालो. "दिवसाचा मोकळा ऱ्हाईन. तुम्ही शेजारी बसा, पण स्टेअरिंगला हात लावायचा नाय."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

"मंग तू झोपायचा कवा?"

"ती चार तास डायलिसिसला आत असती ना," मी म्हणालो. "तवा गाडीत झोपंन."